अंदमानचं गाइडबुक घेताय? आधी बोटींचं पान उघडा

पहाटे साडेपाचला पोर्ट ब्लेअरच्या जेटीवर आई तिकीट डोळ्यांजवळ धरून उभी होती. "अगं, हे आपलं नाहीच. यावर स्वराज द्वीप लिहिलंय. आपल्याला हॅवलॉकला जायचंय ना?" माझ्या हातात ग्रंथालयातून आणलेलं गाइडबुक होतं. मी घाईघाईने सूची चाळली, पण स्वराज द्वीप नावाचं बेट त्या पुस्तकात नव्हतंच. मागे रांग वाढत होती आणि नवरा बॅगा ढकलत होता. शेवटी समोरच्या हमालाने हसत सांगितलं, "माताजी, एकही है."

बेट एकच, नावं दोन. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप झालं आणि पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटाला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप हे नाव मिळालं. आमचं पुस्तक त्याआधीचं होतं. चित्रं सुरेख, कागद गुळगुळीत, भाषाही गोड. सहलीत मात्र त्याने आम्हाला तीनदा तोंडघशी पाडलं, आणि हा प्रसंग त्यातला सगळ्यात सौम्य.

तेव्हापासून नात्यातलं किंवा सोसायटीतलं कुणी अंदमानला निघालं की पुस्तक निवडायचं काम माझ्याकडे येतं. महाबळेश्वरचं गाइडबुक वाईट निघालं तरी बिघडत नाही. टॅक्सीवाल्याला विचारता येतं, एखादा पॉइंट राहिला तर दुपारी जाता येतं. बेटावर तसं नाही. बोट चुकली की दिवस गेला, आणि सहा दिवसांच्या सहलीतला एक दिवस म्हणजे माणशी काही हजार रुपये. म्हणून बेटाच्या पुस्तकाला मी वेगळी फूटपट्टी लावते. प्रेक्षणीय स्थळांची वर्णनं सगळ्यात शेवटी वाचते.

दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या

पुस्तक चाळण्याआधी आपले प्रश्न लिहून काढा. नाहीतर निळ्याशार पाण्याचे फोटो पाहून कुठलंही पुस्तक आवडतं. आमच्या कागदावर असे प्रश्न होते: ७२ वर्षांच्या आईला बोटीत चढता-उतरताना किती पायऱ्या असतील? आमच्यापैकी दोघांना पोहता येत नाही, मग त्यांना प्रवाळ बघता येतील का? अकरा वर्षांच्या मुलीला स्कूबा चालेल का? बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात का? कांदा-लसणाशिवायचं जेवण कुठे मिळेल?

तुमचे प्रश्न वेगळे असतील. नवविवाहित जोडप्याला पायऱ्यांशी काही देणंघेणं नसतं, कॅमेरावाल्याला सूर्योदयाची जागा हवी असते. पण कागदावर किमान पाच प्रश्न हवेत आणि त्यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं पुस्तकात सापडायला हवीत, तीही सूची बघून, दोन-दोन मिनिटांत. सूचीच नसेल तर पुस्तक परत फडताळात. प्रवासात पुस्तक कुणी पहिल्या पानापासून वाचत बसत नाही, जेटीवर उभ्या-उभ्या उघडतं.

साल बघा, पण नुसत्या सालावर विसंबू नका

शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला आवृत्ती आणि पुनर्मुद्रण अशा दोन वेगळ्या ओळी असतात. आवृत्ती नवी असेल तर मजकूर कुणीतरी पुन्हा तपासलेला असतो, निदान तशी अपेक्षा तरी असते. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर नव्या कागदावर. 'सहावे पुनर्मुद्रण २०२४' हे वाचून खूश होऊ नका, पहिली आवृत्ती २०१४ ची असेल तर मजकूरही २०१४ चा.

पुस्तकं सालाच्या बाबतीत कधीकधी लबाडी करतात, म्हणून मजकुरातूनच वय ओळखायच्या काही खुणा सांगते.

पहिली खूण नावांची. हॅवलॉक आणि नीलची नवी नावं नसतील तर पुस्तक २०१८ च्या आधीचं. माउंट हॅरिएटचं नाव २०२१ मध्ये माउंट मणिपूर झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. इथे उलटी चूकही होते. काही पुस्तकं नव्या नावांच्या उत्साहात जुनी गाळून टाकतात. टॅक्सीवाले आणि हॉटेलवाले तर अजून सर्रास हॅवलॉक-नील म्हणतात. चांगलं पुस्तक दोन्ही नावं देतं आणि सूचीतही दोन्हीकडे पानांक देतं. आपल्याकडे व्हीटी आणि सीएसएमटी दोन्ही माहीत असावं लागतं, तसंच.

दुसरी खूण इंटरनेटची. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधी बेटांवरचं सगळं इंटरनेट उपग्रहावर चालायचं आणि रडतखडत चालायचं. 'अंदमानात नेट विसरा' असं ठासून सांगणारं पुस्तक त्या काळातलं. 'सगळीकडे उत्तम नेट मिळतं' असं म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका, लहान बेटांवर रेंज अजून लपंडाव खेळते.

तिसरी खूण विमानतळाची. वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन जुलै २०२३ मध्ये झालं. पुस्तकात लहानशा जुन्या इमारतीचंच वर्णन असेल तर काय ते समजा.

आणि एक गमतीची खूण. 'खिशातली २० रुपयांची नोट काढा, त्यावरचं चित्र इथलंच आहे' हे वाक्य जवळपास प्रत्येक पुस्तकात सापडतं. जुन्या तांबूस नोटेवर अंदमानचं दृश्य होतं, हे खरं. पण २०१९ पासून येणाऱ्या हिरवट-पिवळ्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत. म्हणजे नवी नोट काढून बघणारा माणूस छत्रपती संभाजीनगरला पोचतो! लेखकाने एवढी दुरुस्ती केली असेल तर तो पुस्तकाकडे लक्ष ठेवून आहे असं समजायला हरकत नाही.

नकाशा: दोन रॉसची परीक्षा

अंदमानात दोन रॉस बेटं आहेत. एक पोर्ट ब्लेअरच्या समोर, बोटीने काही मिनिटांवर. इंग्रजांचं जुनं मुख्यालय तिथे होतं, आज भिंतींवर पिंपळा-वडांची मुळं चढली आहेत आणि पडक्या अवशेषांत हरणं फिरतात. दुसरं थेट उत्तर टोकाला, दिगलीपूरजवळ. तिथे रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं पांढऱ्या वाळूच्या पट्ट्याने जोडलेली आहेत आणि भरतीला तो पट्टा पाण्याखाली जातो. पोर्ट ब्लेअरहून दिगलीपूर रस्त्याने ३०० किलोमीटरच्या आसपास, वाटेत फेरी आणि ठरलेल्या वेळी ताफ्याने सुटणाऱ्या गाड्या, म्हणजे जायचा एक अख्खा दिवस आणि यायचा एक.

आता पुस्तकात रॉसचं पान काढा. वाळूच्या पट्ट्याचा फोटो छापून खाली 'पोर्ट ब्लेअरपासून १० मिनिटांवर' असं लिहिलं असेल, तर पुस्तक लिहिणाऱ्याने दोन्हीपैकी एकही बेट पाहिलेलं नाही. मला अशी दोन पुस्तकं भेटली आहेत.

नकाशावर अंतराची पट्टी आणि जेटींची नावं असायला हवीत. संपूर्ण द्वीपसमूहाचा एक आणि पोर्ट ब्लेअर शहराचा एक, एवढे दोन नकाशे तर हवेतच. एकच मोठा नकाशा असेल तर त्यावर स्वराज द्वीप तांदळाएवढं दिसतं आणि राधानगर किनारा कुठल्या बाजूला हे कळत नाही. बाकी बेटांची संख्या कुणी ५७२ देतं, कुणी ८३६. लहानसहान खडक मोजायचे की नाही यावर ते ठरतं, त्यावरून पुस्तकाला नापास करू नका.

बोटींचं पान

खरी परीक्षा इथे. पुस्तक हातात घेतलं की मी आधी हेच प्रकरण शोधते. वेगळं प्रकरण नसेल, प्रत्येक बेटाच्या शेवटी 'येथे बोटीने जाता येते' एवढंच असेल, तर पुढे बघत नाही.

जेट्या अनेक आहेत आणि प्रत्येकीचं काम वेगळं. समोरचं रॉस आणि नॉर्थ बे यांच्या बोटी अबरडीन जेटीवरून सुटतात. हॅवलॉक-नीलच्या बोटी फिनिक्स बे किंवा हॅडोवरून. जॉली बॉयला जायचं तर आधी गाडीने वंडूर गाठायचं. 'पोर्ट ब्लेअर जेटी' असं मोघम लिहिणारं पुस्तक तुम्हाला सकाळी सहाला भलत्याच फाटकापाशी नेऊन उभं करेल. आमचं पुस्तक दुसऱ्यांदा तोंडघशी पाडणारं होतं ते इथेच.

मग सरकारी आणि खासगी बोटींतला फरक. सरकारी बोटी स्वस्त आणि संथ, त्यांत बेटवासीयांना प्राधान्य असतं आणि असायलाही हवं, कारण तो त्यांचा एसटीचा लाल डबा आहे. मॅक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन अशा खासगी बोटी महाग आणि वेगवान. पोर्ट ब्लेअर ते स्वराज द्वीप हे चाळीसेक किलोमीटरचं पाणी त्या साधारण दीड ते दोन तासांत कापतात. चांगलं पुस्तक याच्याही पुढे जातं. कुठल्या प्रकारच्या बोटीत डेकवर उभं राहता येतं आणि कुठल्यात बंद काचांआड बसावं लागतं, ते सांगतं. लाटा असताना बोटीच्या मध्यावर खालच्या बाजूला कमी हलतं, हेही सांगतं. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याच्या निदान अर्धा तास आधी घ्यावी, बोट हलायला लागल्यावर नव्हे, हे एक वाक्य पुस्तकात असेल तर त्याची अर्धी किंमत तिथेच वसूल झाली.

मार्गाचं त्रिकोणी गणितही बघा. पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीप, तिथून थेट शहीद द्वीप आणि तिथून परत पोर्ट ब्लेअर असं जाता येतं. प्रत्येक बेटासाठी पोर्ट ब्लेअरला परतायला लावणारं पुस्तक तुमचा एक दिवस उगाच पाण्यात घालवतं.

पण सगळ्यात उपयोगी कसोटी 'नमुना कार्यक्रम' या पानावर आहे. शेवटचा दिवस वाचा. 'सकाळी हॅवलॉकहून बोटीने पोर्ट ब्लेअर, दुपारी विमान' असं लिहिलं असेल तर पुस्तक लगेच खाली ठेवा. समुद्र खवळला की बंदर खातं बोटी थांबवतं, विमान मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर काही दिवस अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली होती. म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला काढायची, हा तिथला अलिखित नियम. सेल्युलर जेल, संग्रहालयं, बाजार असं जे काही शहरात बघायचं ते त्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवायचं. हा नियम पाळणारा कार्यक्रम ज्या पुस्तकात दिसेल त्याच्या लेखकाने कधीतरी स्वतः बोट चुकवली आहे असं मी धरून चालते, आणि असाच लेखक मला हवा असतो.

वेळापत्रक आणि भाडी छापलेली असली तरी ती फक्त अंदाजासाठी. ती हंगामागणिक बदलतात. कुठे विचारायचं ते पुस्तकाने सांगावं, एवढंच.

पाऊस, ऊन आणि ओहोटी

दर मे महिन्यात आपण बातमी वाचतो: मोसमी वारे अंदमानात दाखल. मग केरळ, मग कोकण. ही बातमी वाचणारेच आपण, मेच्या शेवटच्या आठवड्यात मुलांच्या सुट्टीचं अंदमानचं बुकिंग करतो! तिथे दोन पावसाळे लागतात. मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा, नंतर ईशान्येचा, ज्याचा जोर नोव्हेंबर आणि काही वेळा डिसेंबरपर्यंत असतो. म्हणजे दिवाळीची सुट्टीही बेभरवशाची. जानेवारी ते एप्रिल सगळ्यात शांत. 'ऑक्टोबर ते मे उत्तम हंगाम' असं सरसकट लिहिणाऱ्या पुस्तकापेक्षा महिनावार तक्ता देणारं पुस्तक घ्या. समुद्र किती शांत, पाणी किती नितळ, पाऊस किती, हे तीन रकाने पुरे.

घड्याळाची गोष्ट बऱ्याच पुस्तकांत नसते, आणि ती नसली की फजिती होते. अंदमान मुंबईपेक्षा जवळजवळ २० रेखांश पूर्वेला आहे, घड्याळ मात्र एकच. त्यामुळे सूर्य तिथे मुंबईपेक्षा सुमारे एक तास वीस मिनिटं आधी माथ्यावर येतो. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्यास्त. आम्ही दुपारी जेवून, वामकुक्षी आटोपून, चहा घेऊन चिडिया टापूचा प्रसिद्ध सूर्यास्त बघायला निघालो आणि अंधारात पोचलो. पुस्तकात 'संध्याकाळी जावे' एवढंच होतं. तिसरी फजिती ती हीच. तुमच्या पुस्तकात सूर्यास्ताच्या जागेपुढे महिन्यानुसार वेळ लिहिली आहे का, ते बघा.

ओहोटीचंही तसंच. शहीद द्वीपवरचा खडकाचा नैसर्गिक पूल, ज्याला तिथले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात, बघायला ओहोटीलाच जावं लागतं. खडकांतल्या डबक्यांमध्ये अडकलेले मासे, खेकडे, समुद्रकाकड्या दिसतात त्याही तेव्हाच. उलट काही किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पोहायला काही उरत नाही. आपल्या कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अलिबागच्या माझ्या मामांनी हा हिशेब आम्हाला मोठ्या आत्मविश्वासाने लिहून दिला होता. तो तिथे लागू पडला नाही, कारण बंदर बदललं की भरतीची वेळ बदलते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती, एवढं मात्र तिथेही खरं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, आणि पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ता कुठे बघायचा, या दोन गोष्टी पुस्तकात असल्या की झालं.

पुस्तक काय करू नका म्हणतं

बेटाच्या पुस्तकाचा सच्चेपणा मनाईच्या मजकुरात दिसतो. अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायला बहुतेक जण याच रस्त्याने जातात. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, कुणाला काही खायला द्यायचं नाही. आदिवासींच्या संरक्षणाचा नियम १९५६ पासूनचा आहे. जानेवारी २०१२ मध्ये पर्यटकांपुढे जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याचं चित्रीकरण जगभर गाजलं, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही आठवडे पर्यटकांना या रस्त्यावर बंदीच घातली होती.

एवढं होऊनही 'नशीब असेल तर वाटेत जारवा दिसतील' असं लिहिणारी पुस्तकं बाजारात आहेत. माणसांना ताडोबातल्या वाघाच्या ओळीत बसवणारं पुस्तक मी घरात ठेवत नाही. बाराटांगला जावं की न जावं, हा प्रश्न वाचकापुढे सरळ ठेवणारं पुस्तक मला जास्त विश्वासाचं वाटतं. आम्ही गेलो नाही. आईला पहाटे तीनला उठवून शंभरेक किलोमीटर न्यायचं नव्हतं, हेही तितकंच खरं कारण.

'अंदमान-निकोबार' हे जोडनाव मुखपृष्ठावर सवयीने असतं. आत निकोबारच्या सहलीचा कार्यक्रम असेल तर सावध व्हा, कारण निकोबार बेटं आदिवासींसाठी राखीव आहेत आणि तुमच्या-आमच्यासारख्या पर्यटकांना तिथे सहज परवानगी मिळत नाही. उत्तर सेंटिनल बेटाच्या जवळपास जाणंही गुन्हा आहे. बॅरन बेटावरचा ज्वालामुखी, देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी, बोटीतूनच बघायचा असतो, उतरायची परवानगी नाही.

प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून आणणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे ठळक अक्षरात हवं. आणि मगरी. खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर आहेत. २०१० मध्ये राधानगर किनाऱ्याजवळ एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ज्या पुस्तकात राधानगरवर चार पानं स्तुती आहे आणि मगरीच्या इशाऱ्याच्या फलकाबद्दल एक ओळ नाही, ते पुस्तक तुम्हाला गिऱ्हाईक समजतं.

पाण्याखालची पानं

प्रवाळांचे फोटो कधीचे आहेत ते विचारा. २०१० मध्ये समुद्राचं पाणी तापून इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. त्याआधीचा फोटो छापून आजची आशा लावणं बरोबर नाही. जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटं आलटून-पालटून उघडतात, वर्षातले काही महिने हे आणि काही महिने ते, प्रवाळांना विश्रांती मिळावी म्हणून. ही बेटं ज्यात येतात ते राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. प्लास्टिक नेता येत नाही. या तीन गोष्टींपैकी एकही नसेल तर ते पान कुणाच्या तरी माहितीपत्रकावरून उचललेलं आहे.

स्कूबाबद्दल तीन वाक्यं शोधा. प्रशिक्षकाचा हात धरून केलेल्या पहिल्या डुबकीसाठी पोहता यायलाच हवं असं नाही. वयाची अट साधारणपणे १० वर्षं पूर्ण, आणि दमा किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: डुबकीनंतर निदान १८ तास विमानात बसू नये, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर कमी दाबात बुडबुडे धरतो. नमुना कार्यक्रमात शेवटच्या सकाळी स्कूबा असेल तर लेखकाला यातलं काही माहीत नाही. न पोहणाऱ्यांसाठी काचेच्या तळाची बोट हा पर्यायही दिलेला असावा. आईने प्रवाळ त्यातूनच पाहिले आणि ती आमच्यापेक्षा जास्त मासे मोजून आली.

सेल्युलर जेलसाठी किती पानं?

मराठी माणूस अंदमानला अर्धा सावरकरांसाठी जातो. त्यांच्या जन्मठेपेच्या आठवणी घरात वाचलेल्या असतात, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कोठडीपाशी पोचल्यावर बोलणं आपोआप थांबतं. त्यामुळे मराठी गाइडबुकांत या प्रकरणाला भरपूर पानं असतात, बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त. इतिहास घरी निवांत वाचता येतो. गाइडबुकाने तिथे उभं असताना डोळ्यांना काय दिसतंय ते समजावून द्यावं.

बांधकाम १८९६ ते १९०६. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात विंग, त्यातल्या आज तीनच उभ्या आहेत, आणि पाडलेल्या भागाच्या जागी रुग्णालय आहे. एका विंगच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसायचाच नाही. हे पुस्तकाने सांगितलं की जागेवर उभं राहून पटकन कळतं. बाबाराव आणि तात्याराव हे दोघे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात होते. त्यांच्याबरोबर बंगाल आणि पंजाबचे क्रांतिकारकही होते, भिंतींवर त्यांच्या नावांच्या लांबच लांब याद्या आहेत. त्यांच्याबद्दल एक ओळही नसेल तर प्रकरण अपुरं आहे. चांगलं पुस्तक आणखी मागेही जातं. १८५८ पासून इथे कैद्यांची वसाहत होती, आणि १८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला ठार करणाऱ्या शेर अलीला व्हायपर बेटावर फाशी दिलं.

पोटाचा प्रश्न

थोडक्यात. नीलवर आणि हॅवलॉकवर फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं वसली, त्यामुळे मासळी-भात सगळीकडे आणि फर्मास. नीलवर भाजीपाला भरपूर पिकतो. शाकाहारी थाळी आणि डोसा-इडली मिळते. 'खास महाराष्ट्रीय जेवण देणाऱ्या' हॉटेलांची यादी छापणारी पुस्तकं असतात. खानावळी बंद पडतात, मालक बदलतात, यादी शिळी होते. यादीवर भाळून पुस्तक घेऊ नका.

छापील, की फोनवर?

दोन्ही. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण रेंज गेली की नकाशा नुसता करडा चौकोन होतो. पण जेटीवर, उन्हात, ओल्या हाताने फोन बघणं जमत नाही, तिथे कागदच कामाचा. पुस्तक हलकं हवं. दोनशे पानांच्या वर गेलं की ते हॉटेलवरच राहतं. बांधणी शिवलेली असेल तर उत्तम. डिंकाची असेल तर दमट हवेत तिसऱ्या दिवशी पानं सुटतात.

सहल कंपनी फुकट देते ते पुस्तक घ्या, पण त्यात कंपनी नेत नाही ती ठिकाणं नसतात हे ध्यानात ठेवा. मराठी आणि इंग्रजी असा पर्याय असेल तर एकाच पुस्तकावर न थांबता एक विकत घ्या, दुसरं ग्रंथालयातून आणून हवी ती पानं वहीत उतरवा. मी अप्पा बळवंत चौकात उभी राहून तीन पुस्तकं याच क्रमाने तपासते: सूची, साल, दोन रॉस, बोटी, नमुना कार्यक्रमाचा शेवटचा दिवस. दहा मिनिटं लागतात. दुकानदार आता ओळखतो, स्टूल देतो.

पुस्तक घेतल्यावर एक काम उरतं. निघायच्या आठवडाभर आधी हॉटेलला आणि बोट कंपनीला फोन करून वेळा, बंद वार आणि जेटीचं नाव विचारा आणि पेन्सिलने समासात लिहा, तारखेसह. आमच्या नव्या प्रतीत 'हॅवलॉक' या शब्दापुढे आईने मोठ्या अक्षरात 'म्हणजेच स्वराज द्वीप' लिहून ठेवलंय आणि चिडिया टापूच्या पानावर 'चहा न घेता निघणे'. ती प्रत सध्या नणंदेकडे आहे. फेब्रुवारीत जाणार आहेत ते लोक.